खांबातल्या प्रेक्षकाचं मत

सिनेमा कसा आहे, असं कुणी विचारलं की बॅटरीताई तोंडातून अक्षर काढत नसत. नुसतं बोट दाखवत. तिकीट खिडकीशेजारी एक काळा फळा होता आणि त्यावर पाच ओळी. आधीच्या खेळातून बाहेर पडलेल्या पहिल्या पाच माणसांची मतं, जशी बोलली तशी, आणि प्रत्येकापुढे त्याच्या खुर्चीचा नंबर. एकोणीस वर्षं हे काम त्या करत होत्या. खरी नोकरी अंधारात बॅटरी मारून जागा दाखवायची, नाव त्यावरूनच पडलं. पण जीव सगळा फळ्यात. शाळा सातवीत सुटलेली, अक्षर मात्र असं की मास्तरांनी हेवा करावा. थोरल्या मालकांनी ते बरोबर हेरलं आणि खडू हाती देताना अट घातली, की कुणाचं मत बदलायचं नाही आणि स्वतःचं घुसडायचं नाही.

ही अट त्यांनी इतकी मनावर घेतली की लोक वैतागायचे. एक बाई म्हणाल्या, सिनेमा बरा आहे, पण नायकाचं नाक केवढं! मग लाजल्या आणि नाकाचं तेवढं खोडा म्हणाल्या. ताईंनी काही खोडलं नाही. तीन तास ते नाक फळ्यावर होतं. पण त्यामुळेच अख्खं गाव फळा वाचून तिकीट काढायचं की घरी जायचं ते ठरवत असे.

मग तो भुताचा सिनेमा लागला. एक कारकून मरतो, पण रजा मंजूर झालेली नसते, म्हणून भूत होऊनही रोज दहाच्या ठोक्याला कचेरीत हजर. साहेब घाबरत तर नाहीतच, उलट याला आता जेवायची सुट्टी कशाला हवी म्हणून त्याच्याकडे जास्तीच्या फायली सरकवतात. ताईंना हा सिनेमा बेहद्द आवडला. दाराशी उभं राहून, तोंडावर हात दाबून त्या प्रत्येक खेळाला हसल्या.

लोकांचं मात्र एकमत होईना. ‘भूत आहे की शिपाई? एकदाही दचकलो नाही. सी-चार.’ ‘मध्यंतरानंतर झोप छान लागली. के-नऊ.’ ‘आमचे साहेब अस्सेच! हसून पोट दुखलं. डी-दोन.’ ‘मुलाला भीती वाटेल म्हणून घरी ठेवलं. उगाच ठेवलं. जी-सात.’ ‘धड रडवत नाही, धड घाबरवत नाही. बी-अकरा.’ यातली बरीचशी मतं लिहिताना ताईंच्या जिवाला लागायचं. कसली दगडाची माणसं आहेत, असं त्यांना वाटायचं. तरी प्रत्येक शब्द त्यांनी टपोरा लिहिला.

थोरल्या मालकांच्या माघारी कारभार जावयाकडे आला होता. सिनेमा लागल्याच्या तिसऱ्या दिवशी या नव्या मालकांनी ताईंना कचेरीत बोलावलं आणि वाईट मतं गाळायला सांगितलं. खुर्च्या रिकाम्या राहताहेत, आणि सिनेमा तर तुम्हालाही आवडलाय, मग अडचण कसली, असा त्यांचा सवाल होता. ताई म्हणाल्या, "आवडलाय ना. पण मला कुणी विचारलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी ताईंची आठवड्याची सुट्टी होती. सुट्टी संपवून कामावर येऊन बघतात तर फळ्यावर पाचच्या पाच ओळी कौतुकाच्या. अक्षर ताईंचं वळण गिरवून काढलेलं. आणि शेवटची ओळ, ‘आयुष्यात इतका हसलो नव्हतो. एफ-तेरा.’

आता एफ-तेरा म्हणजे खांब. छताच्या दुरुस्तीत त्या खुर्चीच्या जागी खांब उभा राहिला, त्याला बारा वर्षं झाली. बारानंतर खांब आणि पलीकडे चौदा, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण मालक कधी आत बसलेच नव्हते. त्यांनी नंबर उचलला तो कचेरीतल्या भिंतीवरच्या जुन्या नकाशावरून.

झालं, रांगेत हशा पिकला. सिनेमातलं भूत तिकीट काढून खांबात बसून गेलं म्हणे. एक पेन्शनर आजोबा तर खांबाला शेंगदाण्याची पुडी ठेवून आले. हसल्या नाहीत त्या फक्त शाळेच्या बाई. त्या हळूच ताईंजवळ आल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही जे वाचत होतो, तेही असंच होतं का हो?"

ताईंची एकोणीस वर्षांची कमाई कुणीतरी एका दुपारी खडूनं पुसून टाकली होती.

मालकांनी लगेच तोड काढली. नंबर लिहिताना माझी चूक झाली, एवढं ताईंनी उद्या लोकांना सांगायचं. नाही तर नोकरीवर पाणी सोडायचं. घरी लेकीनं समजावलं, की आई, एका आकड्यानं काय बिघडतं? नवराही म्हणाला, सांगून टाक. ताईंनी ताट बाजूला सारलं. "नंबर चुकला म्हटलं," त्या म्हणाल्या, "की माणूस खरा होता असं होतं. माणूसच नव्हता."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या खेळाची रांग लागली, तेव्हा मालक खिडकीपाशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी ताईंकडे बघून मान हलवली. ताई फळ्यासमोर गेल्या. मालकांनी कालपासून पुसू न दिलेल्या त्या पाचही ओळी त्यांनी ओलं फडकं घेऊन पुसल्या आणि रांगेकडे तोंड करून सांगितलं, की हे अक्षर माझं नाही आणि ही माणसं कुठल्याच खुर्चीत बसलेली नव्हती.

"उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाले.

"उद्यापासून ना? मग आजचा फळा माझा."

तेवढ्यात दुपारचा खेळ सुटला. दारात उभं राहून ताईंनी विचारलं आणि लिहिलं. ‘टुकार. ए-सहा.’ ‘भुताचीच दया आली. एच-तीन.’ ‘पुन्हा बघणार. ई-दहा.’ ‘यापेक्षा आमच्या घरची भांडणं बरी. के-एक.’ चार झाल्या. पाचवा माणूस पुढे येईना, सगळे बघत उभे. ताई खडू घेऊन मालकांकडे वळल्या.

"तुम्हाला कसा वाटला?"

"चांगलाच आहे की."

"कुठल्या खुर्चीवरून पाहिलात?"

मालकांचा चेहरा लाल झाला. "मला वेळ कुठे असतो सिनेमा बघायला?"

ताईंनी पाचव्या ओळीत ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं, पुढे लिहिलं ‘मालक’, आणि नंबराच्या जागी एक आडवी रेघ ओढली.

"पुसा ते," मालक म्हणाले.

ताईंनी फडकं त्यांच्यापुढे धरलं. रांगेतली माणसं बघत होती. मालकांनी हात पुढे केला नाही.