आमचं गाणं आणि साहेबांचा वाढदिवस

आमच्या बँडमध्ये आम्ही चौघं. दोन गिटार, एक ड्रम आणि गळा माझा. गावात बँड म्हटलं की लोक लग्नाची सुपारी घेऊन यायचे. रॉक म्हणजे काय, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, शेवटी मी नाद सोडला.

पहिलं गाणं आईवर केलं. गावाहून नांदूरघाटच्या दवाखान्यात जाणारा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. आईच्या छातीत कळ आली तेव्हा दादानं जीप काढली, मी मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. निम्म्या रस्त्यातच ती गेली. या रस्त्याचा नारळ साहेबांनी दोनदा फोडला होता. साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी, आणि दादा त्यांचा कार्यकर्ता. गाण्यात त्यांचं नाव नव्हतं. दर कडव्याला फक्त विचारलं होतं, ‘रस्ता कुठं हाय?’

व्हिडिओ त्याच रस्त्यावर केला, भर उन्हात, मोबाइलवर. ड्रम खड्ड्यात मांडला. शेवटी आईचा फोटो, एकटा. गाणं यूट्यूबवर टाकलं आणि पहिली लिंक दादाला पाठवली. आई गेल्यापासून त्या रस्त्याबद्दल आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. तरी हा साहेबांच्या गाडीमागं पळतोच, याचा मला भयंकर राग होता. बाकी कुणी ऐकलं नसतं तरी चाललं असतं, पण त्यानं ऐकायला हवं होतं.

त्याचं उत्तर आलं नाही. चार दिवसांनी साहेबांचा वाढदिवस होता. दुपारी मी पंक्चरच्या दुकानापाशी उभा होतो. चौकातून डीजे आला आणि त्यावर माझाच आवाज. ‘रस्ता कुठं हाय?’ मी विचारायचो, आणि नाचणारी पोरं ओरडायची, ‘साहेबांपाशी हाय!’

गर्दीतून घामाघूम दादा आला आणि त्यानं माझ्या गळ्यात हात टाकला.

“ऐकलं का? साहेबांना लई आवडलं. रस्त्याचं बी बोललो मी. शब्द दिलाय त्यांनी.”

“मला विचारायचं तरी, दादा.”

“कावून विचारायचं? आपल्या आईचंच गाणं हाय ना?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “गाडी मीच चालवत होतो रं. अजून जरा दामटली असती तर...”

चार दिवस मनात जुळवलेलं सगळं भांडण तिथंच विरघळलं, आणि त्याचाही मला राग आला.

त्यानं मोबाइल पुढं केला. त्यांनी नवा केलेला व्हिडिओ होता. शेवटी आता हात जोडलेले साहेब, पडदाभर. खाली फ्लेक्सवर असते तशी शुभेच्छुकांच्या गोल फोटोंची रांग. एक दादाचा, एक माझा, मधे आईचा.

“पहिल्याच रांगेत घेतलंय तिला,” तो म्हणाला. “कसं झालंय?”

“चांगलं झालंय, दादा.”

नावाआधी ‘कै.’ लिहायचं तेवढं राहून गेलं होतं. आमच्या दोघांच्या मधे बसून आई साहेबांना उदंड आयुष्य चिंतत होती.