अक्कांचा हिरवा दोरा

खिचडीचा वास अजून हवेत आहे आणि हेमांगीचे डोळे मिटायला लागले आहेत. मिटू नयेत असं तिला फार वाटतं, कारण परक्या जागी डोळा लागला की लोक पिशव्या उचकतात, असं तिचं ठाम मत आहे. म्हणून तिनं बालवाडीच्या खोलीला आतून कडी घातली आहे, पर्स उशाला घेतली आहे आणि कडी नीट लागली का हे पुन्हा उठून पाहिलं आहे. बाहेर जेवणाची सुट्टी चाललीय. मुलं ओरडताहेत, कुणीतरी ताट आपटतंय, नळ वाहतोय. सुट्टी संपली की याच शाळेतल्या पहिली ते चौथीच्या मुलांसमोर तिला गायचं आहे.

हेमांगी संशयी आहे, हे तिची माणसं तिला तोंडावर सांगतात. दूधवाला पाणी घालतो, शिंपी कापड मारतो, तबल्यावर साथ करणारे मोहिते मुद्दाम लय वाढवतात. सध्या मात्र तिचा सगळा संशय एका गेलेल्या बाईवर आहे. त्या म्हणजे अक्का.

सरोजिनी नाडगौडा, म्हणजे अक्का, तिच्या गुरू. गडहिंग्लजच्या आसपासच्या शाळांत जाऊन चिमुरड्यांसमोर खरंखुरं रागदारी गाणं गायचं, हा त्यांचा म्हातारपणचा उद्योग. आणि मुलं ऐकायची! नाक पुसायचं विसरून ऐकायची. अक्का गेल्या आणि संगीत मंडळानं ते काम हेमांगीच्या गळ्यात घातलं. पहिल्याच शाळेत तिनं आलाप सुरू केला, तर एका मुलीनं बाईंना विचारलं, "यांच्या पोटात दुखतंय काय?" दुसऱ्या शाळेत निम्मी मुलं लघवीला म्हणून गेली ती परत आलीच नाहीत. आता मंडळाच्या सचिवांनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलंय, की आज जमलं नाही तर हे गाणं बंद करू, मुलांना जादूचे प्रयोग दाखवू. अक्कांनी उभं केलेलं काम आपल्या हातून बुडणार, या विचारानं हेमांगीला जेवण गोड लागत नाही.

तिच्या मते दोष अक्कांचा आहे. त्यांनी हातचं राखून ठेवलं. शाळेत पोचल्या की अक्का तंबोरा घेऊन मुलांच्या खोलीत शिरायच्या आणि दार लावून घ्यायच्या. "तंबोरा लावते," एवढंच म्हणायच्या. हेमांगी तोवर ऑफिसात मुख्याध्यापकांबरोबर चहा पीत बसायची. दाराआडून हसणं ऐकू यायचं, मग एकदम चिडीचूप. आत जावं तर मुलं शहाण्यासारखी बसलेली. तंबोरा लावायला एवढा वेळ लागत नाही, हे हेमांगीला कळतं. तेव्हा एक तर अक्कांचे कान गेलेले असणार, नाही तर त्या आत गोळ्या वाटत असणार. म्हणून आज तिच्या पिशवीत लिमलेटच्या गोळ्यांचा पुडा आहे. गोळ्यांनी भागलं नाही तर म्हणायला एक सिनेमातलं गाणंही बसवून आणलंय. तंबोरा तर तिनं कधीच लावून ठेवलाय. लोकांसमोर खुंट्या पिळत बसलेलं तिला मुळीच खपत नाही.

नळाचा आवाज बारीक होत जातो. ताटांचा आवाजही. तिला वाटतं, आपण जाग्याच आहोत.

बालवाडीच्या बुटक्या बाकावर अक्का बसल्या आहेत. हिरवं इरकली लुगडं, मांडीवर खिचडीची ताटली.

"मीठ कमी पडलंय," अक्का म्हणतात.

हेमांगी आधी कडीकडे बघते. कडी लागलेली आहे. मग ती अक्कांच्या पायांकडे बघते.

"पाय बघतीस होय गं?" अक्का लुगडं जरा वर धरतात. "बघ. सरळच हाईत. भेगासुद्धा होत्या तशाच."

"कडी होती की दाराला. आत कशा आलात?"

"मला कसली कडी घालतीस?"

"तंबोरा न्यायला आला असाल तर मिळायचा नाही," हेमांगी म्हणते आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात ठेवते. "तुम्ही तो मला दिलाय."

"न्यायचा असता तर गाडी करून आले असते की."

अक्का हसतात. तेच हसणं, खालच्या षड्जापासून सुरू होणारं. हेमांगी चेहरा ताठ ठेवते. गेलेली माणसं उगाच येत नाहीत, काहीतरी मागायला येतात.

बाकांच्या पलीकडे आता अक्कांच्या घराचं परसू आहे. दोरीवर लुगडी वाळत घातलेली, आणि त्यांच्या मधून मुलांची दप्तरं लोंबताहेत. अक्का पुढे चालल्या आहेत. तंबोरा हेमांगीच्या खांद्यावर आहे आणि त्याला काहीच वजन नाही.

"अक्का, थांबा. मला खरं सांगा. तुम्ही माझ्यापासून काय लपवलंत?"

"काय लपवणार? गाणं तर सगळं दिलं तुला."

"गाणं नाही. दार लावून आत काय करायचात?"

"तू कुठं होतीस तेव्हा?"

हेमांगी उत्तर द्यायला तोंड उघडते तर ती ऑफिसात खुर्चीवर बसलेली आहे. समोर चहा आहे. बशीत बिस्किटाच्या जागी खडूचे तुकडे आहेत आणि मुख्याध्यापकांच्या खुर्चीत कुणीच नाही. भिंतीपलीकडे मुलं हसताहेत. ती उठते. या दारापाशी ती पूर्वी कितीदा थबकली असेल, पण ढकललं कधीच नाही. आज ती ढकलते. दार नुसतं लोटलेलं आहे.

आत मुलं तंबोऱ्याभोवती दाटीवाटीनं बसली आहेत. मधे अक्का. हेमांगी सवयीनं आधी मुलांच्या गालांकडे बघते. कुणाच्या गालात गोळी नाही.

तंबोऱ्याच्या घोडीवर, तारांखाली, सुताचे बारीक दोरे असतात. दोरा नेमक्या जागी आला की तार गुंजायला लागते. जागा चुकली की नुसती ठणठणते. अक्का ते सगळे दोरे मुलांसमोर काढून टाकतात आणि तार छेडतात. ठण्ण.

"हा मुका झालाय," अक्का मुलांना सांगतात. "कोण बोलतं करतंय बघू?"

एक पोरगी भोपळ्याला कान लावते. दुसरी अक्कांनी दिलेला दोरा तारेखाली घालून चिमटीनं सरकवते, नखभर पुढं, नखभर मागं. ठण्ण. ठण्ण. पोरं हसतात. दोरा आणखी किंचित सरकतो आणि तार एकदम गुंजते. हसणं थांबतं. भोपळ्याला कान लावलेल्या पोरीचे डोळे मोठे होतात.

"बोलला!" ती म्हणते, पण अगदी हळू, कारण मोठ्यानं म्हटलं तर तो परत गप्प बसेल की काय, अशी तिला भीती आहे.

"आता ह्यांना गप बसा म्हणून सांगायला लागतंय होय?" अक्का हेमांगीला म्हणतात. "स्वतः बोलता केलाय त्यांनी. तो काय बोलतोय ते ऐकणारच की. मग मी हळूच त्यात माझा सा मिसळायची."

हेमांगीला राग येतो. इतकं सोपं असल्याचा राग.

"मग मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं मी तिकडं चहा पीत बसले."

"संशय होता मला तुझा."

"माझा?"

"तू त्याचा कार्यक्रम केला असतास. आधी घरी लावायचा, मग मुलांसमोर बिघडल्याचं नाटक करायचं. पोरांना लगेच कळतं." अक्कांचा आवाज बारीक होतो. "वाटलं, एक दिवस कंटाळून तूच दार ढकलशील. वाट बघत होते गं मी."

हेमांगीला रडू फुटतं. अक्कांची तिला भयंकर आठवण येत होती आणि ती आठवण तिनं इतके दिवस रागाखाली दाबून ठेवली होती. तरीही स्वभाव जात नाही. डोळे पुसत ती विचारते, "मग आजच का सांगताय?"

"आज तुझ्या पिशवीत गोळ्या आल्यात."

खोलीतली मुलं आता नाहीत. एसटी स्टँडचा बाक आहे, समोर गाडी उभी आहे आणि तिच्या पाटीवर काहीच लिहिलेलं नाही. अक्का पदर पुढं ओढतात.

"हे खरं कशावरून?" हेमांगी घाईनं म्हणते. "झोपेत मलाच सुचलं नसेल कशावरून?"

"मेल्यावरसुद्धा पुरावा मागतीस?" अक्का पदराच्या टोकाचा एक हिरवा दोरा उपसतात, लांबलचक, आणि दातांनी तोडतात. तो हेमांगीच्या मुठीत घालून बोटं मिटतात. त्यांचा हात गार आहे. "नीट धर."

घंटा वाजते.

शाळेची घंटा. हेमांगी सतरंजीवर धडपडून उठून बसते. कडी लागलेली आहे. पर्स उशाशी आहे. ती आधी पर्स उघडून बघते, सगळं जागच्या जागी आहे. मग तिला कळतं, की आपण हे सगळं एकाच हातानं करतोय. दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली आहे.

मुठीत हिरवा दोरा आहे.

ती तंबोऱ्याची तार छेडते. ठण्ण. घोडीवरचे पांढरे दोरे गायब आहेत. ती सतरंजी झटकते, बाकाखाली वाकून बघते, खिडकी हलवून बघते. मोहित्यांचा चावटपणा असेल म्हणावं, तर खिडकीला गज आहेत. झोपेत आपणच उपसले असतील, असंही ती स्वतःला सांगून बघते. पण तिच्या अंगावर निळी साडी आहे, आणि सगळ्या खोलीत हिरवं काहीच नाही.

बाहेरून मुख्याध्यापिका रेडेकरबाई दार वाजवतात. "मॅडम, मुलं बसलीत. आधी ऑफिसात चहा घेताय ना?"

"नको," हेमांगी म्हणते आणि कडी काढते. गोळ्यांचा पुडा ती पिशवीतच ठेवते.

वर्गात गोंधळ माजलेला आहे. ती मधोमध मांडी घालून बसते, तंबोरा आडवा ठेवते आणि तार छेडते. ठण्ण. पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची एक पोरगी मान वाकडी करून बघते.

"बिघडलाय काय हो?"

"हो गं," हेमांगी म्हणते, आणि तिचा आवाज खरोखरच कापतो. "मघाशी चांगला होता. जरा बघतेस काय?"

पोरगी गुडघ्यांवर सरकत पुढं येते. हेमांगी मूठ उघडते आणि दोरा तिच्या तळहातावर ठेवते. पोरगी त्याचं तुटलेलं टोक चिमटीत धरते आणि नाक मुरडते.

"ईऽ, ओला आहे हा. तोंडात घातला होता कुणी?"