एकोणपन्नास सालची सीलबंद डबी

एल्डन स्ट्रॉबला गाडी पूर्ण करायला अकरा वर्षं लागली, आणि त्यातली शेवटची तीन नुसत्या ठिणगीवर गेली.

रेडलँड्सला त्याचं घर आमच्या घराला लागून. त्याच्या गॅरेजचं दार माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येतं, त्यामुळे भांडी घासता घासता मी ही गाडी सांगाड्यापासून वाढताना पाहिली. एकतीस सालची फोर्ड. टप काढलेला, मडगार्ड उपटून टाकलेले, बसका बांधा, आणि पुढे आठ सिलिंडरचं इंजिन, जे मूळ गाडीत कधीच नव्हतं. आमच्याकडे याला हॉट रॉड म्हणतात, आणि निम्मी म्हातारी माणसं त्याच्यापायी दुपारचं जेवण विसरतात.

एल्डनने चाळीस वर्षं संत्र्यांच्या पॅकिंग हाउसमध्ये यंत्रं दुरुस्त केली. तिथे पट्टा तुटला की तो हाताला लागेल त्या तारेने बांधून पाच मिनिटांत माल पुढे सरकवायचा. पण स्वतःच्या गाडीत मात्र त्याला एक स्क्रूसुद्धा चुकीच्या सालातला चालत नसे. गावातल्या हॉट रॉडवाल्यांच्या क्लबचा नियमच तसा होता: एकोणपन्नासच्या डिसेंबरनंतर बनलेलं काहीही गाडीत दिसता कामा नये. वेंडेल पकेट नावाचे क्लबचे सगळ्यांत ज्येष्ठ सभासद टॉर्च घेऊन इंजिनात डोकं घालत आणि समाधान झालं की पुढच्या चाकावर खडूने रेघ ओढत. रेघ असलेल्या गाड्या मिरवणुकीत पुढे. रेघ नसलेली सगळ्यांत मागे, बायकांच्या घरच्या गाड्यांच्याही मागे.

एल्डनला एकोणपन्नास सालच हवं होतं, त्याला क्लबपेक्षा मोठं कारण होतं. त्या वर्षीच्या जूनमध्ये त्याचं आणि ओपलचं लग्न झालं. तेव्हाही त्याच्याकडे अशीच गाडी होती, स्वतः बांधलेली, आणि लग्नाच्या सकाळी ती सुरू झाली नाही. ओपल पांढऱ्या झग्यात, मामाच्या अंड्यांच्या ट्रकमधून, दोन्ही हातांनी अंड्यांची चळत धरून चर्चला पोचली. पुढे पहिली मुलगी झाली तेव्हा ती गाडी विकून टाकली. ही दुसरी गाडी तो बांधत होता ती लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी. त्या दिवशी ओपलला बाजूला बसवून घरापासून चर्चच्या हॉलपर्यंत न्यायचं, दीड मैल, वाटेत कुठेही बंद न पडता. एवढंच.

"एवढंच?" ओपल कुंपणापलीकडून मला म्हणाली. "पोरी, या माणसाने दीड मैलासाठी अकरा वर्षं घेतली. कॅलिफोर्नियात लोक चालत आले तेसुद्धा लवकर पोचले."

त्याला तिने मुदतही देऊन ठेवली होती. जूनच्या दुसऱ्या शनिवारी गाडी चालली नाही, तर ती वेंडेलच्या गाडीत बसून हॉलला जाणार. वेंडेलची गाडी नेहमी पहिल्या फटक्यात सुरू होई, आणि वेंडेल हे चारचौघांत सांगतही असत.

तशी एल्डनची गाडी आदल्या वर्षी एकदा व्यवस्थित चालली होती. जावयाने तिच्यात ठिणगी पाडणारी हल्लीची इलेक्ट्रॉनिक वस्तू बसवून दिली, काडेपेटीएवढी. गाडी आठवडाभर घड्याळासारखी धावली. आठव्या दिवशी एल्डनने ती काढून टाकली.

"का हो?" मी विचारलं.

"चालत होती, पण खोटं बोलून चालत होती," तो म्हणाला.

त्यानंतर ठिणगीसाठी जुन्या वस्तूची निवड सुरू झाली. एप्रिलमधल्या एका सकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात आला, टेबलावरची पीठ चाळायची परात बाजूला सारली आणि वर्तमानपत्र पसरून तीन वस्तू ओळीने मांडल्या.

"तू कॉलेज केलंयस. तूच सांग."

"एल्डन, मी इतिहास घेतला होता."

"मग बरोबरच आहे. हा इतिहासच आहे."

पहिला होता मॅग्नेटो, अननसाएवढा जड. त्याला बॅटरीसुद्धा लागत नाही, स्वतःची वीज स्वतःच करतो. "ही शर्यतवाल्या पोरांची वस्तू. वाळवंटातल्या सुक्या तळ्यावर गाड्या पळवायचे ती पोरं. मी ओपलला सिनेमाला न्यायचो. सिनेमाला मॅग्नेटो घेऊन कोण जातं?"

दुसरा दोन कॉइलचा डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी पोचवणारा. त्याच्या बुडाशी शिक्का होता, पन्नास सालच्या मार्चचा. "तीन महिन्यांनी हुकला," एल्डन असा हळहळला, जसा काही त्याचा जवळचा माणूस स्टेशनवर उशिरा पोचला होता.

तिसरा फोर्डचाच साधा डिस्ट्रिब्युटर. आत उघडबंद होणारे पॉइंट, आणि त्यांना जळण्यापासून सांभाळणारा बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर. डिस्ट्रिब्युटर बरोबर सालातला होता, कंडेन्सर मात्र नंतर कोणीतरी बदललेला.

"हाच घ्या," मी तिसऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, कारण मला पीठ चाळायचं होतं.

"मलाही तेच वाटत होतं," तो म्हणाला, आणि आणखी पाऊण तास बसला.

राहिला कंडेन्सर. पोमोनाला जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो, तिथे त्याला तो मिळाला. निळ्या-पिवळ्या पुठ्ठ्याची डबी, वरून मेणकागद, झाकणावर कागदी सील आणि सीलवर तारीख: मे एकोणपन्नास. पन्नास वर्षांत कोणीही न उघडलेली. विकणारा म्हातारा म्हणाला होता म्हणे, "बघा हं, सील आहे तोवर चाळीस डॉलर. फोडलंत की पाच."

या एका वाक्याने घात केला. एल्डनने डबी घरी आणली आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात नातवंडांच्या फोटोंमध्ये ठेवली. तीन आठवडे ती तिथेच. लोकांनी येऊन बघावी, हातात घेऊन कानाशी हलवावी, परत ठेवावी.

"फोडायची कधी?" ओपल विचारायची.

"फोडतो गं. घाई काय आहे?"

"घाई? शनिवार मोजले तर तीन उरलेत, एल्डन. की डबीलाच शेजारी बसवून नेणार आहेस हॉलला?"

शेवटी मेच्या अखेरच्या शनिवारी क्लबचे सगळे जमले. कोणीतरी डोनट आणले. एल्डनने हात धुतले, दाढीचं नवं ब्लेड घेतलं आणि सील कापलं. वेंडेलनी टोपी काढली. मी खिडकीतून बघत होते, आणि खोटं कशाला सांगू, नळ बंद करून बघत होते.

कंडेन्सर चकचकीत निघाला. बसवला. एल्डनने बटण दाबलं आणि गाडी गुरगुरून उठली. माणसांनी शिट्ट्या मारल्या. वेंडेलनी खिशातून खडू काढला, चाकाशी वाकले आणि म्हणाले, "आधी एक फेरी मारून ये."

फेरी दहा मिनिटांची झाली. पोस्टाच्या कोपऱ्यावर इंजिन तापलं, खोकायला लागलं, मग बंदुकीसारखा एक बार झाला आणि गाडी गप्प. पाच जणांनी ती ढकलत आणली. त्यातला सर्वांत तरुण अडुसष्ट वर्षांचा होता. वेंडेलनी खडू खिशात ठेवला.

एल्डनने उघडून पाहिलं तर पॉइंट जळून निळे-काळे झालेले. त्याने पॉइंट बदलले. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा बार. मग त्याने प्लग बदलले, वायरी बदलल्या, कॉइल बदलली. पेट्रोल ओतून टाकून दुसऱ्या पंपावरचं भरलं. एक दिवस हवेतला दमटपणा असेल म्हणून थांबून पाहिलं, आमच्या रेडलँड्सला, जिथे टॉवेल वाळत घातला की दोरीवरून काढेपर्यंत कडक होतो. कंडेन्सर सोडून त्याने सगळं बदललं.

"तो कंडेन्सर बघ," ओपल म्हणाली.

"तो कसा असेल? तो नवा आहे."

"नवा? आपल्या लग्नाइतका जुना आहे तो!"

"पण वापरलेला नाही ना!"

"आईने दिलेली ताटं मी पन्नास वर्षांत वापरली नाहीत. म्हणून काय तडे गेले नाहीत त्यांना?"

एल्डनने मान हलवली आणि कार्ब्युरेटर खोलायला घेतला. या क्लबातली माणसं एरवी कोणाच्या बापावर विश्वास ठेवणार नाहीत, पण सील न फोडलेली डबी दिसली की त्यांची बुद्धी तिथेच बसते. वापरलेला भाग झिजतो हे त्यांना कळतं. नुसता पडून राहूनही बाद होतो, हे कोणी सांगितलं तरी पटत नाही.

ओपलला मात्र ते माहीत होतं. लग्नाआधी दोन वर्षं तिने लॉस एंजेलिसला रेडिओच्या कारखान्यात डाग देण्याचं, म्हणजे सोल्डरिंगचं काम केलं होतं, दिवसाला शंभराच्या वर कंडेन्सर जोडले होते. आमच्या गल्लीतले जुने रेडिओ अजून तिच्याकडेच यायचे. तिचं डाग द्यायचं हत्यार स्वयंपाकघरात, बटाटे सोलण्याच्या सुरीशेजारी असे. हे सगळं एल्डनला माहीत होतं. फक्त रेडिओ ही एक गोष्ट आणि गाडी ही दुसरी, असं त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

गुरुवारी, वाढदिवसाला दोन दिवस असताना, तो गॅरेजच्या पायरीवर बसला होता. मी लिंबं द्यायला गेले तर त्याने वर पाहिलंही नाही.

"वेंडेलला फोन करून टाक," तो आत बघून म्हणाला. "सांग, शनिवारी सकाळी दहाला ये म्हणावं. ओपलला न्यायला."

ओपल आली ती हातात मीटर घेऊन. तिने डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, स्क्रू सोडवला, कंडेन्सर हातात घेतला आणि मीटरच्या दोन सुया लावल्या. काटा उठला, आणि जिथे परत यायला हवा तिथे न येता मध्येच लोळत राहिला.

"बघ. मेलाय," ती म्हणाली. "आत पातळ वर्ख आणि मेणात भिजवलेला कागद असतो. मेण सुकलं की संपलं. थंड असताना कसाबसा धरतो, तापला की सोडतो. पन्नास वर्षं डबीत बसून दुसरं काय होणार?"

एल्डनने काट्याकडे पाहिलं. "चाळीस डॉलर," एवढंच बोलला.

"ऐक आता. रेडिओवाले काय करतात ते करते. याचं पोट कापून काढते आणि आत नवा घालते, शेंगदाण्याएवढा असतो. वरचं कवच तेच राहील. अक्षरं तीच, तारीख तीच."

"ते खोटं होईल."

"होईल. मग सांग, काय करू? वेंडेलला फोन करू?"

मी लिंबाची पिशवी धरून तशीच उभी होते. निघून जायला हवं होतं हे मला कळत होतं. एल्डन उठला. पॅन्टवरची धूळ झटकली. पाण्याची नळी उचलली.

"मी गाडी धुतो," तो म्हणाला.

"सकाळीच धुतलीस."

"मडगार्ड राहिलेत."

गाडीला मडगार्ड नव्हतेच. तरी चाळीस मिनिटं तो पाठमोरा उभा राहून पाणी मारत होता, आणि स्वयंपाकघरातून डाग देण्याचा राळेचा वास येत होता. पाणी माझ्या गुलाबांपर्यंत आलं.

शनिवारी सकाळी क्लबच्या नऊ गाड्या गल्लीत लागल्या. एल्डनची गाडी वीस मिनिटं उभ्या उभ्या चालू होती, आणि एकदाही खोकली नव्हती. वेंडेलनी टॉर्च लावला, डोकं आत घातलं, अक्षरं वाचली.

"हाच का तो? पोमोनाचा?"

आता एल्डनने नुसतं 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण चाळीस वर्षं पॅकिंग हाउसच्या वहीत ज्याने 'तारेने बांधले' असं लिहून खाली सही केली, त्याच्याने ते होईना.

"कवच तेच," तो म्हणाला. "आतलं ओपलने बदललंय. नवं आहे. या वर्षीचं."

एका सभासदाने इंजिनापासून पाऊलभर मागे पाय घेतला. ओपल मोतिया रंगाचा झगा घालून पायरीवर उभी होती, डोक्याला रुमाल बांधून.

"वेंडेल," ती म्हणाली, "तुझा डावा खुबा कोणत्या सालचा?"

"त्याचं इथे काय?"

"शहाण्णवचा. मीच दवाखान्यात सूप आणलं होतं. त्या वॉल्टरच्या छातीत बॅटरी आहे, रॉयचे दात रात्री पेल्यात असतात. तुम्हाला कोणी मिरवणुकीच्या शेवटी पाठवतं का रे?"

वेंडेलनी खुब्यावर हात ठेवला. मग टॉर्च विझवला.

"नियमात 'दिसता कामा नये' असं लिहिलंय," ते म्हणाले. "मला तर काही दिसत नाही." आणि मोठ्या कष्टाने, एक पाय सरळ ठेवून वाकून, त्यांनी चाकावर रेघ ओढली. वाकडी आली.

मी आमच्या गाडीने आधीच हॉलवर पोचले होते, बटाट्याच्या सॅलडचं भांडं आत ठेवायला. पाद्रीबुवा दारात उभे. गाड्या वळणावर दिसल्या, पुढे एल्डनची. ताठ मानेने, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून तो आला. दीड मैल झाला होता. पायऱ्यांसमोर गाडी थांबली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मागच्या आठ गाड्या थांबल्या, दारं उघडली.

एल्डनने किल्लीकडे हात नेला. ओपलने तो मनगटाशी धरला.

"बंद करू नकोस."

"अगं, पोचलो. हा काय हॉल."

"दिसतोय मला हॉल. तू चालव."

"लोक थांबलेत, ओपल. हॅम गार होईल."

"गारसुद्धा चांगलं लागतं."

एल्डनने आमच्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि गिअर टाकला. गाडी पायऱ्यांसमोरून निघाली, रुमालाची दोन टोकं मागे उडत होती. ती स्टेट स्ट्रीटकडे वळली आणि दिसेनाशी झाली, नुसता आवाज येत राहिला, सलग. वेंडेलनी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं झाली, मग बारा, मग पंधरा.

"कुठवर गेले असतील?" पाद्रीबुवांनी विचारलं.

"आपण बसून घेऊ," वेंडेल म्हणाले, आणि सगळ्यांत आधी हॅमकडे गेले.