ओढलेला पडदा

स्वयंपाकघराचा पडदा ओढलेला असला की आत पाऊल टाकायचं नाही, हा शालनअक्कांच्या राजाजीनगरातल्या घरातला एकुलता एक कायदा. श्रीरंगने तो मोडला, तोही सरकारी पाहुण्यासकट. सरकारी अनुदानाची तपासणी करायला भीमाचार्य आले होते. "या ना सर, अक्का आतच आहेत," असं पुण्याच्या माणसाला न शोभणाऱ्या अगत्याने म्हणत त्याने पडदा सारला आणि एक भिजलेला पावट्याचा दाणा सालीतून सुटून साहेबांच्या चष्म्यावर जाऊन बसला.

आत नऊ वर्षांची रेणुका परातीपुढे बसून अवरे, म्हणजे आपले पावटे, चिमटीत दाबून सोलत होती. जानेवारीत अख्खं बंगळूर हाच उद्योग करतं.

शालनअक्का मूळच्या निपाणीच्या. सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेल्यामुळे समोरच्याचं बोलणं मधेच तोडायची सवय कायमची जडलेली. पोरांचं मात्र कधी तोडत नसत. निवृत्तीनंतर बाल न्यायालयाने त्यांना पोरांची बाजू मांडायला नेमलं होतं. खर्च सरकारी अनुदानातून चाले. पोराला समोर बसवून प्रश्न विचारले की ते मुकं होतं, हातांना चाळा दिला की आपसूक बोलतं, असा त्यांचा अनुभव. संगणक कंपनीतला श्रीरंग रविवारी त्यांची इंग्रजी पत्रं लिहून देई आणि मोबदल्यात शिव्या खाई.

रेणुका होसकोट्याच्या मामाकडून पळून आली होती. मामा तिला दिवसभर उदबत्त्या वळायला बसवी. आता तोच तिला कोर्टाकडे परत मागत होता आणि सुनावणी उद्यावर आली होती. त्या घरात काय काय झालं ते ती आज पहिल्यांदाच सांगत होती. पडदा सरला आणि ती गप्प झाली.

"पोरीकडून कामं करून घेता?" चष्मा पुसत भीमाचार्य कन्नड वळणाच्या मराठीत कडाडले. "मामा उदबत्त्या वळवतो, तुम्ही अवरे सोलवता. फरक काय हो?"

"तेच ती सांगत होती. तेवढ्यात तुम्ही तडमडलात."

"तोंड सांभाळा, बाई! अनुदान माझ्या सहीवर आहे."

"मग सही घेऊन बाहेर बसा. चपला घालून शिरलाय स्वयंपाकघरात."

"सर, ही अक्कांची पद्धत आहे, म्हणजे कसं की..."

"श्रीरंगा, स्वल्प गप बसतोस?"

"असल्या थेरांवर सरकारचा पैसा? तसंच लिहितो मी!"

"लिवा. आणि जाताना दार ओढून घ्या."

साहेबांनी दार असं ओढलं की शेजारच्या घरातलं मूल रडायला लागलं.

अक्कांनी परात पुन्हा रेणुकापुढे सरकवली. इकडचं तिकडचं बोलल्या, एक अवरा मुद्दाम छतावर उडवून पाहिला. पोरगी भिंतीला पाठ लावून दाराकडे बघत राहिली.

"मग मामा काय म्हणाला गं?"

"काही नाही."

उद्याही ती हेच म्हणाली, तर कोर्ट तिला मामाच्या हवाली करणार होतं. शेवटी तो रक्ताचा.

"अक्का, मी आजच अर्ज लिहितो," श्रीरंग पुटपुटला. "अनुदान थांबू देत नाही."

अक्का खाली सांडलेली सालं गोळा करायला लागल्या.

"आणि उद्या मीही येतो कोर्टात. काय झालं ते नीट समजावून सांगतो."

"तू आलास तर ती उद्याही तोंड उघडणार नाही."