जावळाची खाज

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही राव. मोशीतल्या आमच्या छोट्या प्रसूतिगृहात ओपीडीच्या दाराशी बीपीचं मशीन घेऊन बसलं की ते आपोआप येतात. बारा वर्षं सिस्टर म्हणून बसतेय. सगळे सांगायचे तर रिटायर होईन, म्हणून आज फक्त सारिकाच्या खाजेचे.

*

सारिका चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर. आठवा महिना, पहिलटकरीण. "काही त्रास?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "नाही सिस्टर." त्या दिवशीही नाहीच म्हणाली. पण बीपी घेताना बघते तर बाई चप्पल काढून तळवा माझ्या टेबलाच्या लोखंडी पायावर घासतेय. पर्समधून फाइल काढताना फणी खाली पडली.

"वेणी घालायला एवढी जाड फणी?" मी विचारलं.

"नाही, ती तळव्यांना. साध्या कंगव्याचे दात मोडले."

हात बघितले. पुरळ नाही, गांधी नाही, नुसते ओरखडे. मी तिला रांग मोडून आत पाठवली. मागच्या बायका माझ्यावर खवळल्या. खवळू देत.

*

नवरा प्रमोद, बीडकडचा, दुसऱ्या कंपनीत क्वालिटीला. तिथं पार्ट रिजेक्ट झाला की 'का?' असं पाच वेळा विचारून मूळ शोधतात. यानं बायकोच्या खाजेचा तसाच कागद केला होता, प्रिंट काढून! पहिला का, हातमोजे. दुसरा, साबण. तिसरा, कपड्यांची पावडर. चौथा, गादी. मोजे बदलले, साबण बदलला, गादी तर नवी कोरी आणली. पाचवा रकाना मोकळाच.

आमच्या डॉक्टर मॅडमनी कागद नीट वाचला आणि पाचव्या रकान्यात लिहिलं, 'लिव्हर'.

"मॅडम, खाज हाताला आहे," प्रमोद म्हणाला.

मॅडमनी समजावलं. लिव्हर पित्त तयार करतं. गरोदरपणात काही जणींचं लिव्हर सुस्तावतं, पित्त पुढं सरकत नाही आणि त्यातली आम्लं रक्तात उतरतात. मग तळहातांना, तळव्यांना खाज सुटते.

"म्हणजे डिस्पॅच अडकला आणि माल फ्लोअरवर साठला," प्रमोद खुलला.

"अगदी तसंच. आईला वैताग होतो, पण धोका बाळाला असतो. पोटातच दगावू शकतं. म्हणून रक्त तपासायचं, गोळ्या घ्यायच्या, आणि गरज पडली तर बाळंतपण थोडं आधी करायचं."

 प्रमोद कागदाची घडी घालत राहिला. मला त्याची फार दया आली.

*

रिपोर्ट आला, आम्लं वाढलेलीच होती. बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच यायचं, असं मॅडमनी बजावलं. प्रमोदनं त्याचीही चेकशीट केली. रोज जेवणाच्या सुट्टीत मला फोन.

"सिस्टर, काल बारा लाथा, आज सतरा. जास्त झाल्या तर रिजेक्ट नाही ना?"

"भाऊ, बाळ आहे, बेअरिंग नाही," मी म्हटलं.

*

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सारिका इथून जवळच चऱ्होलीला गेली. पुढच्या तपासणीला सोबत तिची आई आली, कमलमावशी.

"अवं, पोटात लेकराला जावळ आलं की खाज सुटतीच. त्याला कशाला पायजे लिव्हर?"

मॅडम म्हणाल्या, सदतिसावा आठवडा भरला की बाळंतपण करू. मावशी उठून उभ्याच राहिल्या. "नऊ म्हैने नऊ दिस भरल्याबिगर न्हाई. कच्चं लेकरू कशापायी काढायचं?"

मॅडमनी शांतपणे विचारलं, "मावशी, तुमच्या वेळी होती का अशी खाज? कधीकधी आईकडून येते."

मावशी हळूच खाली बसल्या.

"व्हती. सारिकाच्या आधीच्या वक्ताला. समदी म्हनली, जावळ हाय. म्या बी खूश. नवव्या म्हैन्यात लेकरू हलायचंच थांबलं." पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "केस मातुर लई व्हते त्याला."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. मावशींनी टेबलावरचा पेन उचलून लेकीच्या हातात दिला.

"सारिके, कुठं सही करायची ती कर."

*

मुलगी झाली. जन्मल्या जन्मल्या असा टाहो फोडला की बाहेर प्रमोदनं चेकशीट फाडली. सारिकाची खाज आठवड्यात गेली, फणी परत केसांना लागली.

बारशाला मला आग्रहाचं बोलावणं होतं. पाळण्याशी शेजारची एक गरोदर सून बसलेली, तळहात साडीच्या काठावर घासत. बाजूची म्हातारी तिला कौतुकानं म्हणाली, "जावळ येतंय गं बाळाला."

गाणं चालू होतं, ते कमलमावशींनी थांबवलं. पाळण्यातून नात उचलली, तिचं टोपरं काढलं आणि ते गुळगुळीत डोकं त्या सुनेच्या मांडीवर ठेवलं.

"माझ्या पहिल्याला लई जावळ व्हतं. हिला एक केस न्हाई," मावशी म्हणाल्या. "हात फिरीव. आन उद्या सकाळी रगत तपासाय जा."