दसऱ्याला झाकलेली गाडी

दोन हजार सालानंतरची ही घटना. मी नाशिकमधल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. आरोपीचे वय साठीच्या पुढे, पूर्वीचा गुन्हा एकही नाही. तरी इतक्या वर्षांच्या नोकरीतून हाच माणूस मला पुन्हा पुन्हा आठवतो.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी, पहाटे, पुणे रोडवर एका मोटारीने मोपेडला मागून धडक दिली आणि ती न थांबता निघून गेली. मोपेडवर सिन्नरकडचा एक शेतकरी झेंडू घेऊन फुलबाजाराकडे निघाला होता. पंचनाम्यात फुलांची फुटलेली पाटी, रस्ताभर झेंडू आणि पांढऱ्या रंगाचे नखाएवढे दोन पोपडे, एवढेच आले. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये त्याचा जबाब घेतला. मांडीचे हाड मोडले होते.

"पांढरी व्हती साहेब. लंबर नाय दिसला."

त्याची बायको कॉटशेजारी उभी होती. तिला मी समजावले, की गाडी सापडली तर विम्याकडून भरपाई मागता येईल. नाही सापडली तर सरकारी मदत मिळेल, पण ती फार थोडी असते. तिने विचारले, "मग सापडंल ना?" पांढऱ्या गाड्या शहरात गल्लोगल्ली होत्या. गॅरेजवाल्यांकडे चौकशी केली. कोणाकडेही तशी गाडी दुरुस्तीला आली नव्हती.

दसऱ्याला सकाळी ठाण्यातले शस्त्रपूजन आटोपले, जीपला हार घातला, तेवढ्यात फोन आला. नाव न सांगता एक गृहस्थ म्हणाले, की पेपरात पांढऱ्या गाडीची बातमी वाचली, आमच्या कॉलनीत एका घरची तशीच गाडी आज झाकलेलीच आहे. मी ते हवालदाराला सांगितले तर तो हसला. "साहेब, पूजा केली नाही हाही आता गुन्हा झाला का?" पण फोनवरच्या गृहस्थांनी पुढेही सांगितले होते. हे काका दरवर्षी सगळ्यांच्या आधी गाडी धुतात, हार घालतात, शेजाऱ्यांना पेढे देतात. यंदा आठवडाभर गाडीवरचे कव्हर हललेले नव्हते.

आम्ही गेलो. काकांनीच दार उघडले. कव्हर काढले तर पांढऱ्या गाडीला पुढचा बंपर नव्हता. तो मागच्या खोलीत दोन स्टुलांवर वाळत ठेवलेला होता, खाली जुनी वर्तमानपत्रे.

"फाटकाला घासला," ते म्हणाले.

फाटकावर ओरखडाही नव्हता. मी ते लगेच बोलून दाखवले नाही. खोटे बोलणाऱ्याला तो खरे बोलेल अशा विषयावर आणावे लागते. रंगकाम खरोखर चांगले होते, म्हणून ते कसे केले एवढेच विचारले. काका मोकळेपणाने बोलू लागले. पहिल्यांदा त्यांनी प्लास्टिकवर थेट स्प्रे मारला, तर वाळल्यावर तो नखाने सोलून निघाला. दुकानदाराने मग प्लास्टिकचा वेगळा प्रायमर दिला. सगळे पुन्हा पाण्याच्या पॉलिश पेपरने घासले, तड्यात पुटी भरली, प्रायमर लावला आणि रंगाचे पातळ हात दिले. त्यात दसरा हुकला. पहिलाच रंग टिकला असता तर गाडी हार घालून अंगणात उभी दिसली असती आणि आम्हाला फोन आला नसता.

"बंपर लांब असतो. काढताना दुसरे टोक कोणी धरले?" मी साथीदार शोधत होतो.

"कोणी नाही. खुर्चीवर दोन उशा ठेवल्या, त्यावर टेकवला."

मग काकाच म्हणाले, "तो माणूस... आहे ना हो?"

"आहे. पाय मोडलाय."

मग त्यांनी सगळे सांगितले. पत्नी वारलेली. सुटीला आलेल्या मुलीला त्या पहाटे नाशिकरोड स्टेशनवर सोडून ते परतत होते, लक्ष रस्त्यावर नव्हते. धडकेनंतर भीतीने थांबले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी वर्तमानपत्र बंद केले होते, आणि बाहेर कोणाकडे विचारण्याची सोय नव्हती.

कलमे जामीनपात्र होती. जामीनदार कोण, असे विचारल्यावर त्यांनी मुलीचे नाव घेतले आणि लगेच म्हणाले, "नको, तिला कळवू नका." दुसरे नाव त्यांना सुचेना. संध्याकाळी एक शेजारी घरपट्टीची पावती घेऊन आपणहून आले. फोनवरचा आवाज मी ओळखला आणि जामिनाचा कागद त्यांच्यापुढे केला. जप्त केलेला बंपर टेबलाशेजारीच ठेवला होता. त्याच्याकडे पाहत ते शेजारी म्हणाले, "काढायचा होता तर हाक मारायची ना, काका."

'सोबत कोण होते?' हा प्रश्न मी नोकरीत सतत विचारला. 'कोणी नाही' म्हणणारा खोटे बोलतो असे धरून चालण्याची आमची सवय. त्या दिवसानंतर हे उत्तर आले, की पुढचा प्रश्न मी जरा थांबून विचारू लागलो.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, रंगाच्या दोन पोपड्यांवरून गाडी ठरत नाही, आणि धडकेची खूण तर काकांनी स्वतःच्या हाताने घासून काढली होती. भरपाईच्या दाव्यात विमा कंपनीच्या वकिलाने, ही गाडी ती नव्हेच, असा पवित्रा घेतला. काकांना त्यांच्या वकिलाने गप्प राहायला बजावले होते. तरी ते साक्षीला उभे राहिले आणि म्हणाले, "गाडी माझी. चालवत मीच होतो. बंपरही मीच रंगवला."

भरपाईचा धनादेश शेतकऱ्याच्या नावे निघाला. धनादेश घ्यायला तो काठी टेकत, बायकोला घेऊन आला. काका फौजदारी कोर्टातही तेच कबूल करून दंड भरायला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर कोणी नव्हते.