बाळंतिणीच्या खोलीतलं मशीन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या घरातले नाही — म्हणूनच असेल.

दोन हजार सालच्या आसपास नालवाडीत माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. स्वयंपाकाचा गॅस गळला की वाजणारी छोटी मशीनं मी जोडून विकायचो. गिऱ्हाइकासमोर न पेटवता लायटरचा गॅस सोडायचा, मशीन कोकलायचं, गिऱ्हाईक खूश. मीही स्वतःवर खूशच असायचो.

त्या हिवाळ्यात धाकटी बहीण वंदना बाळंतपणाला माहेरी आली. बाळंतिणीची खोली म्हणजे खिडकी बंद, फटींत चिंध्या, खाटेखाली कोळशाची शेगडी. बाळ झालं आणि वंदनाला त्या शेगडीच्या गॅसची भीती वाटायला लागली. गॅस म्हणजे गॅस, असं समजून मी एक मशीन भिंतीवर ठोकलं. ऐटीत लायटरने वाजवून दाखवलं. आई काय कौतुकाने बघत होती!

मग सामान आणायला नागपूरला गेलो, तेव्हा दुकानदाराला सहज विचारलं. तो हसलाच. म्हणाला, हा सेन्सर स्वयंपाकाच्या गॅसचा. कोंडलेल्या खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वासही नसतो, त्याचा सेन्सर वेगळा. तुमचं मशीन गप्पच बसेल.

म्हणजे मला कळलं होतं. ऐकताय ना — कळलं होतं. घरी येऊन फक्त सांगायचं होतं. पण सगळ्यांसमोर वाजवून दाखवलेलं, आता कोणत्या तोंडाने सांगू? दुसरा सेन्सर येईपर्यंत गप्प राहायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी वंदना म्हणाली, "दादा, डोकं बहुत दुखून राह्यलं. खिडकी उघडाले सांग ना आईले."

आई दारातच उभी होती. मी म्हणालो, "मशीन वाजलं का? मंग हवा चांगलीच आहे."

सकाळी आई चहा घेऊन आत गेली. वंदना उठली नाही. बाळही नाही.

मशीन मी त्याच दिवशी काढून टाकलं. कुणी विचारलंही नाही. सगळे आईलाच बोलले — सासरचे, शेजारचे — एवढी खोली कोंडायची काय गरज होती? आईलाही तेच खरं वाटलं. "मीच मारलं माह्या पोरीले," म्हणायची. मी जवळ बसून म्हणायचो, "तुही चूक नाई, आई." ते खरंच होतं. पण माझी आहे, हे मात्र कधी तोंडातून निघालं नाही.

शेवटच्या आजारपणातही ती तेच बोलली, मीही तेच उत्तर दिलं. तिने माझा हात धरला. म्हणाली, "तूच एकटा रे बाबू, ज्यानं मले कधी बोल नाई लावला."

मी हात धरू दिला.